दर्यावर्दी कसा घडतो?

आमच्या मिरजेंत समुद्र नाहीं. कृष्णामाईचें पात्र आहे. पावसाळ्यांत तें फुगलें म्हणजे समुद्राची थोडीशी कल्पना येते. बाकी जहाज, बंदर, खलाशी हे शब्द आम्हीं पुस्तकांतच वाचलेले. तीसहून अधिक वर्षें मुलांना संस्कृत आणि भूगोल शिकवून आम्ही निवृत्त झालों, तोंपर्यंत आमचें समुद्राचें ज्ञान नकाशावरच्या निळ्या रंगापलीकडे गेलेलें नव्हतें.

निवृत्त मास्तराकडे लोक कागद वाचून घ्यावयास येतात. गेल्या मार्गशीर्षांत जवळच्या एका खेड्यांतील शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्या ओसरीवर आले. मुलगा बारावी झालेला, आमच्याच हाताखालून गेलेला. पिशवींतून एक इंग्रजी कागद काढून ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं बोटीवर जायचं म्हणतंय. एजंट साडेतीन लाख मागतोय. कागद खरा हाय का खोटा, येवढं सांगा."

आम्हीं चष्मा लावून कागद वाचला. इंग्रजी कळली, प्रकरण कळलें नाहीं. वर नांगराचें चित्र होतें, खालीं शिक्का होता, सह्या होत्या. मुलाला विचारलें, "बाळ, बोटीवर तूं काय काम करणार?" तो म्हणाला, "ते तिथं गेल्यावर शिकवतात, सर."

हें उत्तर आम्हांस खटकलें, आणि त्याचें कारण सांगितलेंच पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी बोटीवर गेला. त्याच्या वडिलांनीं आधीं आमचा सल्ला विचारला होता, आणि मुलाचें कल्याण होत आहे या समजुतीनें आम्हींच होकार दिला होता. एजंटानें पैसे घेऊन दहा दिवसांत चार प्रमाणपत्रें हातांत ठेवलीं. त्यांतील एकाहि विषयाच्या वर्गांत तो मुलगा एक तासहि बसला नव्हता. पुढें आखातांतील एका जुनाट लहान बोटीवर त्याला चढविण्यांत आलें. सात महिने पगार नाहीं. एके रात्रीं इंजिनाच्या खोलींत तेलानें पेट घेतला. पेटत्या तेलावर पाणी मारावयाचें नसतें, हें त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें. त्यानें पाण्याचा झोत सोडला आणि आग पसरली. दैव बलवत्तर म्हणून उजवा हात भाजण्यावर निभावलें. मुलगा घरीं परत आला. त्याच्यासाठीं विकलेली एक एकर जमीन कांहीं परत आली नाहीं.

तेव्हां या खेपेस आम्हीं त्या गृहस्थांना म्हटलें, "पंधरा दिवस थांबा. आधीं आम्ही शिकूं, मग तुम्हांला सांगूं." आमचा एक जुना विद्यार्थी आज आगबोटीवर इंजिनिअर आहे, तो सुटींत सांगलीस आला होता. चार संध्याकाळ आम्ही त्याच्यापुढें विद्यार्थी होऊन बसलों. शिवाय जें मिळालें तें वाचलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों; कारण हा प्रश्न एका खेड्याचा नाहीं. सातारा-सांगलीकडच्या किती तरी घरांतील मुलें आज समुद्राकडे पाहूं लागलीं आहेत.

जुने दाखले

प्रथम आपल्या घरांतली गोष्ट. आमच्या धर्मनिबंधकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें. समुद्रावर जाऊन आलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरी त्याला व्यवहारांत घेऊं नये, येथपर्यंत मजल गेली. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या तेव्हां केवढा गहजब झाला हें सर्वश्रुत आहे. परिणाम असा झाला कीं, लिहिणेंवाचणें ज्यांच्या घरीं त्यांच्या घरीं समुद्र नाहीं. आणि समुद्र ज्यांच्या घरीं त्या कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, दालदी लोकांच्या घरीं लिहिणेंवाचणें नाहीं. दर्याची विद्या हातांतून हातांत गेली, पोथींत फारशी उतरली नाहीं.

अगदींच उतरली नाहीं असें मात्र नव्हे. आर्यशूराच्या जातकमालेंत सुपारग नांवाच्या नाविकाची कथा आहे. शूर्पारक म्हणजे आपल्या वसईजवळचें सोपारें. त्या नांवाशीं या नांवाचें नातें उघड आहे. सुपारगाचें कौशल्य सांगतांना ग्रंथकार म्हणतो कीं, ताऱ्यांच्या गतीवरून त्याला दिशा कळे. ऋतुमानानें होणारे आणि अवचित होणारे बदल तो ओळखी. मासे, पाण्याचा रंग, तळाची माती, पक्षी आणि डोंगर यांवरून आपण कोठें आलों हें तो सांगे. म्हातारपणीं त्याची दृष्टि अधू झाली, तरी व्यापारी त्यालाच बरोबर नेत. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नाविकाच्या अंगीं काय काय असावें याची ही यादीच आहे.

दुसरा दाखला याहून मोलाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें प्रकरण आहे. मोठ्या नद्यांतील महानौकेवर शासक, निर्यामक, दोर व कोयता सांभाळणारे आणि पाणी उपसणारे अशीं माणसें असलींच पाहिजेत, असें तो सांगतो. म्हणजे हुकूम देणारा, सुकाणूवाला, दोरखंडावरचा गडी आणि तळाशीं बसून पाणी काढणारा, या प्रत्येकाचें काम निराळें आणि प्रत्येक जरूर. पुढें तो असें सांगतो कीं, माणसें अपुरीं, साधनें अपुरीं किंवा नौका नादुरुस्त असल्यामुळें जर ती बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें. वल्हें मारणाऱ्यानें नव्हे, अध्यक्षानें. हा नियम आम्हीं तरुणपणीं शब्दार्थासह पाठ केला होता. त्यांतला न्याय केवढा मोठा आहे हें मात्र त्या पोराचा भाजलेला हात पाहिल्यावर समजलें.

खलाशी आमचे, अधिकारी परके

इंग्रजी अमदानींत आगबोटी आल्या, तशी आपल्या कोंकणपट्टींतील हजारों माणसें त्यांवर चढलीं. डेकवर खलाशी, तांडेल, सारंग, खालीं भट्टीपुढें आगवाला आणि तेलवाला, स्वयंपाकघरांत भंडारी. सारंगाच्या वर आपल्या माणसाची धाव नव्हती. नकाशा वाचणारा, सूर्य मोजून जहाजाचें स्थान काढणारा अधिकारी गोराच असे. भरती सारंगाच्या आणि दलालाच्या हातीं. त्यांचे हात ओले केल्याखेरीज बोट मिळत नसे. या लाचखोरीची चौकशी करण्यास सरकारला १९२२ सालीं समिति नेमावी लागली. आमच्या ओसरीवर आलेला साडेतीन लाखांचा कागद हा त्याच जुन्या रोगाचा नवा अवतार होय.

५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीचें जहाज साता समुद्रांपार जाण्याच्या इतिहासांत हा दिवस मोठा. म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. पण जहाज आपलें झालें तरी तें चालविण्याची विद्या आपली नव्हती. १९२३ सालीं नेमलेल्या भारतीय व्यापारी नौकानयन समितीनें मुंबईस एक शिक्षणनौका ठेवावी अशी शिफारस केली, आणि १९२७ सालीं 'डफरिन' ही जुनी सैनिकवाहू आगबोट मुंबईच्या बंदरांत शाळा म्हणून नांगरून ठेवण्यांत आली. आरंभीं येथें डेकवरचे अधिकारी तयार होत. १९३५ पासून इंजिनिअरहि शिकूं लागले. पुढें स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौसेनाप्रमुख झालेले व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे या शाळेच्या पहिल्याच तुकडींतले.

शाळा बोटीवरच कां, जमिनीवर कां नको, असा प्रश्न आम्हांला पडला होता. आमच्या इंजिनिअर विद्यार्थ्यानें त्याचें उत्तर एका वाक्यांत दिलें: "सर, पोहायला फळ्यावर शिकवतां येतं का?" रात्रींच्या पहाऱ्याला उठणें, भिजलेला दोर हाताळणें, हुकूम ऐकतांच तो मोठ्यानें उच्चारून मग अमलांत आणणें, या गोष्टी अंगवळणीं पडाव्या लागतात. १९७२ सालीं डफरिनची जागा 'राजेंद्र' या बोटीनें घेतली, आणि १९९३ मध्यें शिक्षण नवी मुंबईंत नेरूळला, जमिनीवर, 'चाणक्य' या नांवानें सुरू झालें. शाळा जमिनीवर आली तरी तिचें नांव चाणक्याचें, म्हणजे कौटिल्याचेंच पडलें, हें वाचून आम्हांला मोठी मौज वाटली. २००८ पासून ही संस्था त्या सालीं स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची आहे.

दोन अपघात

ही विद्या कच्ची राहिली किंवा तिचें कोणीं ऐकलें नाहीं तर काय होतें, याचे दोन दाखले मुंबईच्या बंदरांत घडलेले आहेत.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. 'रामदास' ही आगबोट सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आकाश भरलेलें, दर्या खवळलेला, आणि बोट उतारूंनीं खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनें ती कलली. घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, आणि पाहतां पाहतां बोट पालथी झाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. जीं थोडीं वांचलीं त्यांपैकीं कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या मचव्यांतून ओढून काढलें.

या कोळ्यांजवळ कसलेंहि प्रमाणपत्र नव्हतें. पण समुद्र त्यांना माहीत होता. उलट, बोट कलली असतां माणसांनीं कोठें बसावें, कोठें धांवूं नये, हें उतारूंना कोणीं आधीं सांगितलें नव्हतें. आजच्या जहाजावरील माणसाच्या शिक्षणांत गर्दी कशी आवरावी हा स्वतंत्र विषय असतो. प्रवासी बोटीवरचा नोकर चहा देणारा असला तरी संकटसमयीं तो लोकांना वाट दाखविणारा असलाच पाहिजे, असें हें शास्त्र मानतें.

दुसरी गोष्ट त्याआधीं तीन वर्षांची; १४ एप्रिल १९४४ ची. लढाईचे दिवस होते. इंग्लंडांतील बर्कनहेडहून निघालेली 'फोर्ट स्टिकिन' ही आगबोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत उभी होती. तिच्या पोटांत सुमारें चौदाशें टन दारूगोळा होता. वाटेंत कराचीस तिच्यावर कापसाच्या हजारों गांठी चढविण्यांत आल्या. कापसाला ठिणगी पुरते, आणि तो एकदां धुमसूं लागला म्हणजे आंतल्या आंत धुमसत राहतो, हें आमच्या सांगलीच्या पेठेंतील कोणाहि जुन्या व्यापाऱ्याला ठाऊक. तो दारूगोळ्याच्या सोबतीस ठेवणें जहाजाच्या कप्तानालाहि पसंत नव्हतें; पण लढाईच्या घाईंत जागा रिकामी ठेवावयाची नाहीं, असा खाक्या. स्फोटक माल असलेल्या जहाजानें तांबडें निशाण लावावयाचें असतें. तें लावलेलें नव्हतें. बोट १२ तारखेस आली, तरी दारूगोळा तातडीनें उतरला नाहीं.

१४ तारखेस दुपारीं कामगार जेवून परतले, तेव्हां दोन नंबरच्या खणांतून धूर येत असलेला दिसला. बंब आले. पाण्याचा मारा सुरू झाला. बोट तेथेंच बुडवावी, कीं ओढून बाहेर न्यावी, कीं आहे तेथेंच आग विझवावी? अधिकारी अनेक होते. पण सर्वांच्या वर एक हुकूम देणारा कोणी नव्हता. दोन तास असे गेले. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. त्यानंतर सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. गोदी, गुदामें, आजूबाजूचीं जहाजें आणि वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत आग विझविणारे सहासष्ट जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

या हकीकतींत अज्ञान कोणाचें? कप्तानाला धोका माहीत होता. बंबवाले आपल्या कामांत तरबेज होते. ज्ञान होतें, पण ज्याला ज्ञान त्याला "नाहीं" म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार तो एक नव्हता. म्हणून आम्हांला असें वाटतें कीं, लायकीचे घटक तीन आहेत: हाताचें कसब, परीक्षेनें सिद्ध झालेलें ज्ञान, आणि धोका दिसतांच काम थांबविण्याचा अधिकार. यांतील एक जरी उणा पडला तरी बाकीचे दोन व्यर्थ जातात.

गोदीवरील माणूस

जहाजावरच्या माणसाविषयीं थोडें तरी लिहिलें जातें; धक्क्यावरच्या माणसाविषयीं तेवढेंहि नाहीं. पूर्वीं गोदींतील कामगार रोजच्या रोज टोळीवाल्याच्या मर्जीनें कामावर लागत असे. आज काम, उद्यां उपास. अशा माणसाला शिकविणार कोण, आणि तो शिकणार कशाला? १९४८ सालीं गोदी कामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा झाला, आणि १९५१ मध्यें मुंबईंत गोदी कामगार मंडळाची योजना अमलांत आली. कामगारांची नोंद झाली, पाळी लागली, काम नसलें तरी हजेरीचे कांहीं पैसे मिळूं लागले. नोकरीची शाश्वति आल्यावरच कसबाला किंमत येते, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

पुढें एका नव्या युक्तीनें सगळें चित्रच पालटलें. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन नांवाच्या मोटारमालवाहतूकदारानें अठ्ठावन लोखंडी पेट्या एका जहाजावर ठेवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. तो कंटेनर. पूर्वीं शंभर माणसें आंकडे लावून ज्या गोणी उचलीत, त्या आतां पेटींतून यारीनें, म्हणजे क्रेननें, उचलल्या जातात. यारीवाला उंचावर कांचेच्या खोलींत बसतो आणि पायांखालीं पाहत कित्येक टनांची पेटी जहाजाच्या खांचेंत अचूक बसवितो. हें काम शिकविण्यासाठीं आधीं त्याला खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या यंत्रावर, सिम्युलेटरवर, बसवितात. तेथें वारा सोडतात, दिवे घालवितात, पेटी हेलकावते. चूक झाली तरी कोणी मरत नाहीं.

याचा आमच्या मिरजेशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. तासगांव आणि कवठे महांकाळ भागांतील निर्यातीचीं द्राक्षें न्हावाशेव्याच्या, १९८९ सालीं सुरू झालेल्या, जवाहरलाल नेहरू बंदरांतून युरोपास जातात. शून्य अंशाच्या आसपास गार ठेवलेल्या पेटींतून तीन-चार आठवडे किंवा त्याहूनहि अधिक त्यांचा प्रवास चालतो. बंदरांत उतरतांच त्या पेटीची वीज कोणी तरी जोडावी लागते, अंश पाहून नोंदावे लागतात. एका माणसानें एका रात्रीं एक खटका दाबला नाहीं, तर एका कुटुंबाचें वर्ष कुजून जातें. कौटिल्याचा पाणी उपसणारा गडी आज हें काम करतो. त्याला शिकवावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न समुद्रकांठचाच नव्हे, माणदेशाच्या सीमेवरच्या शेतकऱ्याचाहि आहे.

परीक्षा कशाची?

मिरजेंत तंबोरे-सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे. पूर्वीं शस्त्रें उजळणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकांत हा धंदा उचलला. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत मुलगा वर्षानुवर्षें बापाशेजारीं बसून शिकतो. कोणी त्याला प्रमाणपत्र विचारीत नाहीं. कारण वाद्य वाईट निघालें तर कान तेव्हांच सांगतो आणि तें पुन्हां करतां येतें. समुद्रावर तसें नाहीं. तेथें खरी परीक्षा वादळाच्या रात्रीं होते, आणि तींत नापास झालेल्यास पुन्हां बसतां येत नाहीं. म्हणून ती परीक्षा आधींच, किनाऱ्यावर, माणसांपुढें घ्यावी लागते.

जगभर ही समज हळूहळू आली. १९६७ सालीं 'टॉरी कॅन्यन' हें प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाजवळ खडकावर आदळलें आणि मैलोगणती किनारे तेलानें माखले. जहाज उत्तम असून भागत नाहीं, चालविणारी माणसें कोणत्या तोलाचीं आहेत हें पाहिलें पाहिजे, असा विचार तेथून बळावला. १९७८ सालीं दर्यावर्दींचें शिक्षण, प्रमाणपत्र आणि पहारा यांसंबंधीं आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९५ व २०१० सालीं त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या. १९९५ पासून भर यावर आला कीं, उमेदवारानें नुसतें पुस्तक न सांगतां काम करून दाखवावें.

आमच्या विद्यार्थ्यानें आम्हांला तोंडी परीक्षेचा नमुना दाखविला. परीक्षक विचारतो: रात्रींची वेळ, समोरून येणाऱ्या जहाजाचे तांबडा व हिरवा असे दोन्ही दिवे दिसत आहेत, काय कराल? प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. दोन्ही दिसले म्हणजे तें थेट आपल्यावर येत आहे. अशा वेळीं दोघांनींहि आपापल्या उजवीकडे वळावयाचें, म्हणजे डावी बाजू डावीला घालून दोन्ही जहाजें सुखरूप जातात. रंगांधळ्या मुलाला डेकवर कां घेत नाहींत, हें या एका प्रश्नावरून समजेल.

दुसरा प्रश्न आमच्या खेड्यांना जवळचा आहे. बंद टाकींत उतरलेला गडी खालीं पडला. तुम्ही काय कराल? "उडी मारून त्याला काढीन" म्हणणारा नापास. बंद लोखंडी टाकींत गंज चढतांना हवेंतील प्राणवायु खपून जातो. डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, नाकाला वास येत नाहीं, आणि माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढावयास गेलेला दुसरा, दुसऱ्यास काढावयास गेलेला तिसरा, असे मरतात. आमच्याकडे जुन्या विहिरींत आणि मैल्याच्या टाक्यांत हेंच होतें. आधीं ओरडून माणसें जमवावीं, हवा मोजावी, श्वसनाचें यंत्र लावावें, मग उतरावें. धैर्याला शिस्त लावणें हेंच या शिक्षणाचें मर्म आहे.

घरच्यांनीं काय पाहावें?

आतां व्यवहार. बारावीला भौतिक, रसायन व गणित यांत सरासरी साठ टक्के आणि इंग्रजींत पन्नास टक्के असणाऱ्या मुलामुलींना सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. त्यांतून डेककडे जावयाचें तर एक वर्षाचा पदविका अभ्यास आणि पुढें दीड वर्ष जहाजावर उमेदवारी, किंवा तीन वर्षांची पदवी. इंजिनाकडे जावयाचें तर चार वर्षांची पदवी. नंतर सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर अशा पायऱ्या परीक्षेनें चढावयाच्या. दहावी झालेल्यांसाठीं सहा महिन्यांचा खलाशाचा वर्ग असतो. कोणत्याहि वाटेनें गेलें तरी पाण्यांत जीव वांचविणें, आग विझविणें, प्रथमोपचार आणि स्वतःची सुरक्षितता हे चार अभ्यास प्रत्येकानें प्रत्यक्ष करावयाचे असतात. आमच्या त्या पहिल्या विद्यार्थ्याच्या हातांत जीं चार प्रमाणपत्रें ठेवलीं होतीं, तीं यांचींच.

मुलींना हें क्षेत्र नाहीं असें समजूं नये. कॅप्टन राधिका मेनन यांनीं २०१५ सालीं बंगालच्या उपसागरांत भरकटलेल्या सात मच्छीमारांना वादळी समुद्रांतून वांचविलें, आणि २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचें शौर्यपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

एजंटाविषयीं एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी. सागरी कामगारांच्या हक्कांचा २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१५ सालीं स्वीकारला, त्याप्रमाणें नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेतां येत नाहींत. वैद्यकीय दाखला, खलाशाची नोंदवही आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. भरती करणाऱ्या संस्थेस केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना लागतो, आणि शिकविणाऱ्या संस्थेस त्या खात्याची मान्यता लागते. दोन्ही खात्याकडे पडताळून पाहतां येतात. शिकण्याची फी निराळी आणि नोकरीची लाच निराळी. जो दोन्ही एकाच पावतींत मागतो, किंवा पावतीच देत नाहीं, त्याला ओसरीवरूनच निरोप द्यावा.

पंधरा दिवसांनीं ते गृहस्थ मुलासह पुन्हां आले. आम्हीं हात भाजलेल्या त्या जुन्या विद्यार्थ्यालाहि बोलावून घेतलें होतें. तो आढेवेढे न घेतां आला. त्यानें सदऱ्याची बाही वर केली आणि पेटत्या तेलावर पाणी कां मारूं नये, फेस कां मारावा, हें त्या मुलाला समजावून सांगितलें. मुलगा बराच वेळ त्याच्या हाताकडे पाहत होता. मग त्यानें विचारलें, "दादा, हें शिकवणारी खरी शाळा कुठं आहे?" पंधरा दिवसांपूर्वीं "तिथं गेल्यावर शिकवतात" म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न ऐकून आम्हांस फार समाधान वाटलें. त्याच्या वडिलांनीं कागद घडी करून पिशवींत ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे जमीन ऱ्हायली म्हणा, गुरुजी." मुलगा यंदा प्रवेशपरीक्षेच्या तयारीस लागला आहे. पास होईल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. तो गणितांत जरा कच्चा आहे. रोज सायंकाळीं आमच्याकडे येतो.

कौटिल्यानें नौका बुडाल्याचें नुकसान अध्यक्षाकडून वसूल करावयास सांगितलें. मुलाला समुद्रावर धाडतांना घरांतील वडील माणूस, आणि ज्याचा सल्ला विचारला जातो तो मास्तर, हेहि एका अर्थीं अध्यक्षच होत. आम्हीं एकदां न पाहतां होकार दिला. त्याची भरपाई दुसऱ्याच्या शेतानें आणि दुसऱ्याच्या हातानें केली. आमच्या वाचकांच्या घरीं उद्यां असा कागद आला, तर त्यांनीं शिक्का पाहण्यापूर्वीं मुलाला एवढेंच विचारावें, "तुला तेथें काय करतां येईल?" त्याचें उत्तर पक्कें होईपर्यंत पैसा आणि होकार दोन्ही राखून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.